सात शेले आणि रुसलेला दरबार

"सात! फक्त सात शेले!" करंजगडचे महाराज उदाजीराव सिंहासनावरून ओरडले. "आणि घेणारा अख्खा दरबार! आता कुणाला देऊ आणि कुणाच्या तोंडाला पानं पुसू?"

दोष त्यांचाच होता म्हणा. दर दिवाळी पाडव्याला प्रत्येक दरबाऱ्याच्या खांद्यावर जरीचा शेला घालायचा, ही करंजगडची रीत. पण यंदा महाराजांनी हौसेनं दोन हत्ती घेतले आणि त्या दोघांनी मिळून खजिना फस्त केला. कर्ज काढायला महाराज तयार नव्हते आणि हत्ती विकायला तर मुळीच नाही!

दरबारात नुसता कल्ला उठला.

"पहिला मान तलवारीचा!" सेनापती खंडेराव गरजले.

"आणि तलवारीनं कापलेलं शिवतो कोण? मी!" राजवैद्य त्रिंबकशास्त्री उसळले.

"मी तर घरचा माणूस!" राणीसाहेबांचे भाऊ रंगराव पुढे घुसले. "मला वगळलंत तर ताईसाहेब अन्न सोडतील!"

खांबांना झेंडूच्या माळा बांधत असलेल्या ठकू माळिणीला काही हसू आवरेना. फिस्सकन हसली बाई. आणि नेमकं महाराजांनी ऐकलं!

"हसतेस? मग तूच वाट हे शेले! पाडव्याला, भर दरबारात! आणि एकानं जरी 'मला का नाही?' म्हणून तोंड वाकडं केलं ना, तर विहिरीजवळचा तुझा फुलमळा सरकारजमा!"

ठकूच्या हातातली माळ गळून पडली. नवरा गेल्यापासून त्या मळ्यावरच तिची चूल पेटत होती. मळा गेला तर दोन पोरींना घेऊन जायचं कुठे? "हसायला काय झालं होतं गं भवाने!" वाटेभर ती स्वतःलाच शिव्या घालत गेली.

घरी पोचते न पोचते तोच शेजारीण वाटीभर चकल्या देऊन गेली. चकल्या खमंग होत्या, पण ठकूनं कपाळाला हात लावला. "अगं बाई! आता ही वाटी परत कशी करू? घरात अजून एक करंजी तळलेली न्हाई, आन् रिकामी वाटी द्यायची तरी कशी?"

बोलता बोलता ती थबकली. वाटीकडे बघतच राहिली. मग अशी टाळी वाजवली तिनं, की पोरी दचकल्या!

दुसऱ्या दिवसापासून ती तोरणं बांधायला घरोघर फिरू लागली. सेनापतींच्या दारात तोरण बांधता बांधता गोड आवाजात म्हणाली, "सरकार, पाडव्याला म्हाराजांचा शेला खांद्यावर पडला, तर म्हाराजांच्या नातवाच्या बारशाला परतीचा आहेर काय कराल?"

सेनापतींनी मनातल्या मनात हिशेब मांडला. राजकन्या माहेरी बाळंत झाली होती आणि मार्गशीर्षात नातवाचं बारसं होतं. घेतलेला आहेर फेडायचा, तोही सवाईनं! राजाच्या शेल्याची फेड म्हणजे सोन्याचे वाळे तरी हवेत!

"बघू... बघू..." असं पुटपुटत ते आत सटकले. हेच विचारल्यावर राजवैद्यांना एकदम रोगी आठवला. रंगराव तर "कानात दडे बसलेत" म्हणाले.

ठकू तिथेच थांबली नाही. तोच प्रश्न तिनं नगारखान्यात विचारला, धुणं धुणाऱ्या सुंद्रीला विचारला, सुताराला विचारला, सगळ्या वाड्याला विचारला.

पाडव्याला दरबार भरला. ठकूनं शेला उचलला. "सेनापती सरकार, या!"

"छे छे! आम्हाला कशाला? दुसऱ्या कुणाला तरी द्या!"

"शास्त्रीबुवा?"

"मला जरीचं कापड टोचतं हो! अंगावर पुरळ उठतं!"

"मामासाहेब?"

"मी काय, घरचाच माणूस! मला नको!"

एकेक करून अख्ख्या दरबारानं हात जोडले. महाराजांचे डोळे विस्फारले. मग ठकूनं म्हातारा नगारची, सुंद्री, सुतार असे सात जण बोलावले आणि सातही शेले त्यांच्या खांद्यांवर घातले. नगारची तर रडायलाच लागला.

शेल्यांची जर लखलखायला लागली तसे रंगराव चुळबुळले. "पण मी म्हणतो..."

"घ्यायचाय का, मामासाहेब? देते की काढून!"

"नको, नको!" रंगराव मटकन खाली बसले.

"अगं, काय मंत्र घातलास यांच्यावर?" महाराजांनी विचारलं.

"मंत्र कसला, म्हाराज! शेला मिळाला तर बारशाला काय द्याल, येवढंच समद्यांना इचारलं. नगारची म्हनला, दिसभर नगारा वाजवीन. सुंद्री म्हनली, बाळाची दुपटी मी धुईन. सुतारानं तर पाळण्याचं लाकूडबी हेरून ठेवलंय! ज्यांनी हसत सांगितलं, त्यांना शेला दिला. बाकीच्यांना आज नकोसाच झाला!"

"पण परतीचा आहेर मी मागितलाय कुठे?"

"तुमी न्हाई मागितला, म्हाराज, आन् मीबी न्हाई. नुसतं इचारलं! इचारायला काय पैसं पडत्यात?"

महाराज असे खदाखदा हसले की त्यांची पगडी कलली. सेनापती खाली मान घालून आपल्या मिशा चाचपत बसले. हसता हसताच महाराज उठले आणि त्यांनी आपल्या अंगावरचा शेला काढून ठकूच्या खांद्यावर घातला. मग मुद्दाम डोळे वटारून म्हणाले, "हं! आता तू सांग! या शेल्याची फेड काय करशील?"

"करीन कशाला? केली की मघाशीच!" ठकू म्हणाली. "अख्खा दरबार रुसायचा होता, त्यातला येकबी रुसला न्हाई. येवढा मोठा आहेर बारशाला तरी कोन देनार हाय तुमाला?"

महाराजांना पुन्हा हसू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. हसता हसताच त्यांनी हुकूम सोडला, आणि मळा विहिरीसकट कायमचा ठकूच्या नावे झाला.