आईने वर्ज्य केलेले रानबदाम

मुलांनो, घाटातल्या एका दाट जंगलात एक शेकरू आपल्या एकुलत्या एका लेकीला घेऊन राहत असे. शेकरू म्हणजे तांबूस अंगाची, झुबकेदार शेपटीची मोठी खार. लेक नुकतीच वयात येत होती. तिची भूक वाढली होती, अंग थोडे भरले होते. रोज सकाळी ती मूठभर रानबदाम फोडून खाई आणि दुपारपर्यंत या फांदीवरून त्या फांदीवर हुंदडत राही. आईला मात्र तिच्या भरलेल्या अंगाची काळजी लागली होती.

घाटरस्त्याच्या वळणावर एक माकड बसलेले असे. तिथे गाड्या थांबत, माणसे बिस्किटे नि गोड पाव टाकून जात. माणसांचे बोलणे रोज कानावर पडत असल्यामुळे आपल्याला सगळे कळते, असे माकडाला वाटे. आईने आपली काळजी त्याला सांगितली. माकडाने एक बदाम फोडला, त्याचा गर दगडावर घासला आणि उमटलेला तेलकट डाग दाखवला. "बघ बाई, हे सगळं तेल लेकीच्या अंगावर चढणार," ते म्हणाले. मग त्याने एक बिस्किट घासून दाखवले. डाग उमटला नाही. आईला पटले.

त्या दिवसापासून घरात बदाम बंद झाला. आई रोज वळणावरून बिस्किटांचे तुकडे आणू लागली. लेकीला ते आवडले, पण तासाभरात तिला पुन्हा भूक लागे. मग आई आणखी तुकडे आणी. शेजारच्या ऐनाच्या झाडावर एक म्हातारी शेकरू राहत असे. तिने आईला समजावले, "माझी नातवंडं वर्षानुवर्षे मूठभर बदाम खातात, त्यांचं पोट भरलेलं राहतं आणि ती वाऱ्यासारखी पळतात. अंगावर चढतंय ते या बिस्किटांतलं पीठ नि साखर." आईने तोंड फिरवले. दगडावरचा डाग तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

दोन पावसाळ्यांत लेक फुगत गेली. चार उड्या मारल्या की तिला धाप लागे. बरोबरीची पिल्ले शेंड्यावर खेळत तेव्हा ही खालच्या जाड फांदीवर बसून राही. एके दिवशी आईने तिला सगळ्यांसमोर विचारले, "चोरून बदाम खातेस ना?"

"एकही नाही खाल्ला, आई," लेक म्हणाली. "तू जे देतेस तेवढंच खाते."

आईने विश्वास ठेवला नाही. तिने लेकीला म्हातारीच्या झाडाकडे जायलाही बंदी केली.  त्यानंतर भूक लागली की लेक मुकाट्याने तुकडे खाई आणि घरट्यात पडून राही.

मग एका सकाळी डोंगरावरून गरुड आला. इशारा होताच सगळी शेकरू जांभळाच्या झाडावरून ओढ्यापलीकडच्या एका उंच झाडावर उड्या मारून गेली. म्हातारी गेली, तिची नातवंडे गेली, आईही गेली. लेक शेवटी राहिली. पलीकडून आईने तिला हाक मारली. लेकीने फांदीच्या टोकाशी येऊन अंतर पाहिले, मागे सरली, पुन्हा पुढे आली. तिच्या वजनाने फांदी खाली वाकली. तिने उडी घेतली, पण उडी कमी पडली. ओढ्याकाठच्या झुडपात ती धडपडत उठत होती, तोवर गरुडाने झडप घातली. आईने ते सगळे पाहिले.

ती घरी परतली आणि लेकीचे घरटे उपसू लागली. पाने काढली, काटक्या काढल्या, अगदी तळापर्यंत हात घातला. बदामाचे एकही टरफल निघाले नाही. निघाला तो फक्त बिस्किटांचा भुगा, तिने स्वतः आणून दिलेला. तो तिने हातात घेतला. लेक खरे बोलत होती, हे तिला आता कळले होते.

दुपारी जंगलातल्या इतर आया सांत्वनाला आल्या; त्यांच्याबरोबर माकडही आले. असे कसे झाले, म्हणून त्यांनी हळूच विचारले. आईने हातातला भुगा फांदीखाली झटकला. खरे उत्तर तिच्या ओठांपर्यंत आले, पण ते बाहेर काढायचे धैर्य तिला झाले नाही.

"चोरून बदाम खायची," ती म्हणाली. "घरट्यात टरफलं सापडली."

माकडाने मान डोलावली. आयांनी एकमेकींकडे पाहिले आणि त्या घाईने आपापल्या झाडांकडे निघाल्या. त्या दिवशी बऱ्याच घरट्यांतून रानबदाम खाली फेकले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाच्या वळणावर बिस्किटांसाठी आयांची गर्दी जमली होती.

तात्पर्य : ऐकीव भीतीपोटी वाढत्या मुलांच्या तोंडचा सकस घास काढून घेऊ नये, आणि आपली चूक कळल्यावरही जो ती दुसऱ्याच्या माथी मारतो, तो तीच चूक साऱ्या गावाच्या घराघरांत पोहोचवतो.