पुलावरचा धक्का

दहाला मानसशास्त्राचा पेपर, आणि बाबांची जुनी गाडी बॅटरी उतरून अरुंद पुलावर बंद पडलेली. मागचा हॉर्न वाजला की मी दर वेळी दचकायचे. शेवटी मागच्या उंच गाडीतून आमच्या गावचे पुढारी रंगरावदादा बाह्या सरसावत उतरले.

"ए पोरी, हलव हा डबा! नाहीतर धक्का मारून पार पुलापलीकडं घालवीन!"

माझ्या तोंडातून निघालं, "बरं झालं दादा, मी कुणाला सांगावं तेच बघत होते. तुम्ही मारा धक्का, मी गिअर टाकते."

खोळंबलेले स्कूटरवाले हसले. "लावा जोर, दादा!"

एवढ्या मतदारांसमोर दादा माघार कशी घेणार? त्यांनी खांदा लावला आणि गाडी सुरू झाली.

पेपरात पहिलाच प्रश्न होता, 'राग विधायक कामाकडे कसा वळवाल? उदाहरण द्या.' माझा जीव भांड्यात पडला.