मानाचं पिल्लू

"यातलं सगळ्यांत चांगलं पिल्लू निवड," राजे भुजंगरावांनी फर्मावलं. "पण नीट ऐक! आमचं पिल्लू आम्ही आधीच ठरवलंय. चिठ्ठी दिवाणजींपाशी आहे. तू तेच उचललंस, तर राजाची बरोबरी केलीस. दुसरं उचललंस, तर राजाला वेड्यात काढलंस. दोन्ही गुन्ह्यांना शिक्षा एकच. तुझी चपळा आमच्या शिकारखान्यात जमा!"

"आन कुठलंच न्हाई उचाललं तर?" गजराने विचारलं.

"मग हुकूम मोडलास! तरीही कुत्री आमचीच."

काय तो न्याय! तिन्ही वाटा बंद, आणि वर राजेसाहेबांच्या चेहऱ्यावर धर्मराजाचा भाव.

गजरा धनगराची पोर. कुठलं पिल्लू शिकारी निघणार आणि कुठलं नुसतं भाकरीला भार, हे ती बघताक्षणी सांगायची. बारा गावचे लोक तिला विचारायला यायचे. राजेसाहेबांना कोणी विचारत नसे, आणि हेच त्यांना डाचत होतं. खरं तर त्यांची पारखही काही कमी नव्हती. त्यांनी निवडलेल्या एकाही कुत्र्याने आजवर सशाला साधा ओरखडा काढला नव्हता! राज्यातले ससे त्यांना मनापासून दुवा देत असणार.

समोर टोपलीत सात पिल्लं होती. आई गजराची चपळा, बाप राजाच्या शिकारखान्यातला तुफान. चपळा गजराच्या पायाशी जीभ काढून बसली होती. हिला गजराने मेंढीचं दूध पाजून वाढवलं होतं. ही होती म्हणून लांडगा मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाशी यायला धजत नव्हता. ही गेली तर कळप गेलाच म्हणायचा! गजराला रडू तर असं येत होतं, की पदर तोंडात कोंबावा लागला. पण रडून राजा पाघळला, असं तिने कधी ऐकलं नव्हतं.

तिने डोळे पुसले, टोपलीकडे दोन पावलं टाकली आणि एकदम हात मागे घेतला.

"अगं बया! केवढं पाप होत हुतं माझ्या हातनं!"

"कसलं पाप?" राजे दचकले.

"म्हाराज, आमच्यात रीत हाय. ज्याचा नर, त्येला मानाचं पिल्लू. त्यानं आपलं उचालल्याबिगार टोपलीला कुणी हात लावत न्हाई. तुफान म्हाराजांचा. आन म्हाराजांच्या आधी म्या हात घालू? मान साध्या पाटलाचाबी कुणी डावलत न्हाई, मग राजाचा डावलायचा व्हय?"

दिवाण आबाजीपंत घाईघाईने म्हणाले, "अगं, राजेसाहेबांची निवड चिठ्ठीत लिहिली आहेच की!"

"मान चिठ्ठीनं घ्यायचा नसतो, पंत. नवरदेव लगीन लागताना चिठ्ठी धाडतो व्हय?"

आता भर दरबारात मान घ्यायला नाही म्हणणारा राजा कुणी पाहिलाय? भुजंगरावांनी छाती फुगवली. पंतांनी चिठ्ठी वाचली, "सर्वांत लठ्ठ, पांढऱ्या कपाळाचं." राजांनी ते उचललं. पिल्लाने एक डोळा उघडला, राजा आहे एवढं पाहिलं आणि पुन्हा मिटला.

मग गजराने टोपलीत हात घातला. एक हडकुळं, लांब पायांचं पिल्लू भावंडांच्या पाठीवर चढून मघापासून बाहेर पडायची खटपट करत होतं. तिने तेच उचललं.

"दुसरं उचललंस!" राजे गरजले. "म्हणजे आम्ही चुकलो?"

"म्हाराज कशाला चुकत्यात? सातांतलं म्हाराजांनी निवाडलं, म्या ऱ्हायलेल्या सहांतलं. उरल्यालं घेणाऱ्यानं बरोबरी केली, असं कोण म्हनंल? आन म्हाराजांचं पिल्लू तर टोपलीतच नव्हतं, मग त्ये म्या नाकारलं तरी कवा?"

राजांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी छताकडे पाहिलं.

पण हट्टी तो हट्टीच! राजे पुढे झुकले. "बरं, खरं सांग. सातही टोपलीत असती, तर तुझ्या मते चांगलं कुठलं? खोटं बोललीस तर याद राख!"

गजराने राजाच्या कुशीत घोरणाऱ्या पिल्लाकडे एकदा पाहिलं, मग रांगेने बसलेल्या दरबाऱ्यांकडे.

"मेंढरामागं पळायला माझं. पण दरबाराला म्हाराजांचंच बेस! पोट भरलं की गप पडतं, कुणी उठवलं तर एक डोळा उघडून धनी कोण त्येवढं बघतं, आन शेजाऱ्याला तसूभर सरकू देत न्हाई. दरबारात बसायला आनिक काय लागतं, म्हाराज?"

"खरं आहे, खरं आहे!" राजाच्या निवडीची तारीफ ऐकून सगळ्या दरबाऱ्यांनी एकसुरात माना डोलावल्या. पंतांनी तर सगळ्यांच्या आधी!

भुजंगरावांनी त्या डोलणाऱ्या पगड्या पाहिल्या, कुशीतलं पिल्लू पाहिलं आणि त्यांना असं हसू फुटलं, की डोळ्यांतून पाणी आलं. पिल्लू तेवढ्यानेही जागं झालं नाही.

"पंत!" राजे हसू आवरत म्हणाले. "हिची चपळा हिला, सहा पिल्लं हिला, आणि आमच्या कुरणात हिच्या कळपाला कायमची चराई! सनद आत्ताच्या आत्ता लिहा. आणि हो, या आमच्या पिल्लाला दरबारात बसायला एक गादी द्या. जागा नसेल, तर तुम्ही जरा सरका!"