राजरथाच्या चार पेट्या

एका राज्यात घोड्यांपेक्षा पेट्यांचा मान मोठा होता. राजरथाला जितके घोडे जुंपावेत, तितक्या खजिन्याच्या पेट्या त्यावर चढवाव्यात, अशी तिथली रीत. तो खजिना राजा चंद्रकेताच्या आजोबांनी एका मांत्रिकाकडून लुबाडलेला. मांत्रिक मेला, पण त्याचा शाप मेला नाही. तो राजकन्या इंदुलेखेला बाधला आणि तिची पावलं दगडाची झाली.

वेशीवर मांत्रिकाचा म्हातारा पोपट राहत असे. तो म्हणाला, "नगारा वाजेल. त्याचा नाद विरण्याआधी तिचा रथ वेशीपासून गावाबाहेरच्या तळ्यावर पोहोचला, तर शाप सुटेल. खेपा तीन. चुकलेल्या खेपेला दगड वर चढेल."

सारथी शिदोजीनं लगाम हाती घेतला. इंदुलेखेला घोड्यावर बसायला त्यानंच शिकवलं होतं.

पहिल्या खेपेला दोन घोडे जुंपले, दोन पेट्या चढवल्या. रथ कण्हत हलला आणि वेग घेतो न घेतो तोच नाद विरला. दगड कमरेपर्यंत आला.

"घोडे दुप्पट करा!" राजा गरजला.

चार घोडे आले आणि रीतीप्रमाणे चार पेट्याही. शिदोजीनं जीव तोडून हाकलं, तरी रथ मागच्या खेपेपेक्षा जेमतेम चार हात पुढे गेला. दगड गळ्याशी आला.

"आता आठ जुंपा!"

शिदोजीनं हात जोडले. "महाराज, आठ घोड्यांमागे आठ पेट्या आल्या, तर रथ असाच रखडेल. जोर वाढवतो तितकंच ओझंही वाढवतो आपण. घोडे चारच राहू द्या. पेट्या उतरवा."

"पेट्यांवाचून राजरथ कधी निघाला नाही. रीत मोडली तर राज्य बुडेल."

"राज्याचं मला ठाऊक नाही, महाराज. पोर मात्र हातची जाईल."

इंदुलेखा बापाकडे नुसती बघत होती. राजाला ते बघवेना. तो रथावर चढला, पहिल्या पेटीला खांदा लावला आणि ती खाली लोटली. मग उरलेल्या तिन्ही लोटल्या आणि स्वतःही उतरला.

नगारा वाजला. तेच चार घोडे, तोच आसूड, पण रथ असा सुटला की शिदोजी मागच्या मागे कोलमडता कोलमडता वाचला. नाद अजून घुमत होता, तोच चाकं तळ्यात शिरली आणि शाप सुटला.

इंदुलेखेनं पाय खाली सोडले. "शिदोजीकाका," ती म्हणाली, "पाणी केवढं गार आहे!"

शिदोजी लगाम हातात धरूनच ढसाढसा रडला. तिकडून राजा अनवाणी धावत येत होता. पेट्यांवर पहारा बसवायचंही तो विसरला होता.