चाळीस घंटांचा एकच नाद

वेणुवती नगरीवर दृढवर्मा राजाचं राज्य होतं, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका ओताऱ्याच्या घरी जन्माला आले. ओतारी म्हणजे काशाचा रस साच्यात ओतून घंटा करणारा. त्या जन्मी त्यांचं नाव भद्रिल होतं.

नगरीला लागून वेळूचं दाट रान होतं आणि गवळ्यांच्या गाई तिथे चरायला जात. वेळूत दोन हातांवरची गाय दिसत नाही. म्हणून प्रत्येक गाईच्या गळ्यात घंटा असे, आणि प्रत्येक घंटेचा आवाज निराळा. ओताऱ्यांची रीत अशी, की घंटा ओतून झाली की गवळ्याला समोर बसवायचं आणि घंटेच्या आतल्या काठावर कानस चालवायची. थोडं घासायचं, वाजवायचं, पुन्हा घासायचं. हा आवाज दुसऱ्या कुठल्याही गाईशी मिळत नाही अशी खात्री पटली की गवळी म्हणे, "पुरे." याला ते हात लावणं म्हणत. हात लावल्याशिवाय घंटा ओताऱ्याच्या घरातून बाहेर पडत नसे.

भद्रिलांनी अशा कितीतरी घंटा केल्या. पण त्यांच्या मनात लहानपणापासून एक गोष्ट घर करून बसली होती. त्यांना वाटे, काशात कुठेतरी एक पुरा नाद आहे. तो एकदा कानी पडला की माणसाला आणखी काही नको होईल. त्या नादासाठी ते दूरदूरच्या कारागिरांच्या भट्ट्यांवर राबले. एका तपस्व्यापाशी चार महिने मौन धरून बसले. घरी परत आले, की पुन्हा मूस आणि पुन्हा भाता. घंटा वाजवायची, डोळे मिटून ऐकायची, आणि म्हणायचं, "हे नव्हे."

त्यांची बायको वासुला हसून म्हणे, "शेजारणीच्या घरात वाटी पडली तर तुम्ही कान टवकारता. मी जेवायला हाक मारते ती तेवढी ऐकू येत नाही."

"ऐकतो की."

"ऐकता. तिसऱ्या हाकेला."

अशी साठ वर्षं सरली. हात थरथरू लागले, तेव्हा भद्रिलांनी ठरवलं, आता एकच मोठा घाणा ओतायचा आणि थांबायचं. त्यांनी गवळ्यांना सांगितलं, "तुमच्या जुन्या घंटा मला द्या. झिजलेल्या, चिरलेल्या, सगळ्या. त्याच काशाच्या नव्या करून देतो." गवळ्यांनी आनंदाने दिल्या. त्या सगळ्यांचा एकच रस झाला आणि त्यातून चाळीस घंटा निघाल्या.

पहिली घंटा माती झाडून त्यांनी वाजवली, आणि डोळे मिटून ऐकली.

तो नाद होता. त्यात कुठे काठ नव्हता, कुठे खोट नव्हती. दुसरी वाजवली, तोच. चाळीसही तशाच. तो रस कसा जमून आला हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि पुन्हा जमेल याची आशाही नव्हती. वासुला बाहेर आली तर म्हातारा रडत होता. ती शेजारी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी गवळी घंटा न्यायला आले. त्यांच्यात गोदत्त नावाचा वडीलधारा होता. त्याची दृष्टी तरुणपणीच गेली होती, तरी रानात त्याच्यासारखा दुसरा जाणता नव्हता, कारण गाई तो कानांनी राखी. त्याने घंटा हाती घेतली, काठावरून आतून बोट फिरवलं आणि विचारलं, "भद्रिला, हात लावायचा राहिला वाटतं?"

"याला हात लावायचा नसतो, गोदत्तदादा. वाजवून तर बघा."

गोदत्ताने वाजवली. दुसरी उचलून तीही वाजवली. मग म्हणाला, "गोड आहे. फार गोड आहे." एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं, असं त्याला वाटलं असावं. घंटा घेऊन तो गेला.

पहिले दोन दिवस सगळं रान गात होतं. लोक कामं टाकून वेशीवर ऐकायला येत. तिसऱ्या दिवशी गवळ्यांची भांडणं सुरू झाली. एकजण आपली गाय समजून तासभर चाले आणि दुसऱ्याच्या गाईपाशी पोचे. वासरं भलत्याच गाईंमागे धावत आणि लाथा खाऊन परतत. चौथ्या दिवशी गोदत्ताची कबरी घरी आली नाही. तिचे दिवस भरले होते. व्यायला टेकलेली गाय कळपापासून बाजूला जाते, हे गवळ्याला ठाऊक असतं. पण ती कुठल्या बाजूला गेली ते कळायचं कसं? सगळीकडून कबरीच वाजत होती.

गोदत्त दोन दिवस रानात फिरला. मग काठी टेकत भद्रिलांच्या दारात आला. त्याचे पाय वेळूच्या काट्यांनी सोलले होते.

"भद्रिला," तो म्हणाला, "डोळे गेले तेव्हा मी आंधळा झालो नव्हतो. आता झालोय."

भद्रिलांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि त्याचा हात धरला. गोदत्ताच्या सांगण्यावरून बाकीच्या सगळ्या गाई गोठ्यात बांधून ठेवल्या. रान मुकं झालं. तेव्हा कुठे दुपारच्या सुमारास ओढ्यापलीकडून एकच घंटा ऐकू आली.

कबरी करवंदीच्या जाळीत उभी होती. तिचं वासरू आडवं आलं असावं. ते तिच्या पायांशी थंड होऊन पडलं होतं. ती त्याला चाटत होती. मान खाली गेली की घंटा वाजे, मान वर आली की वाजे. अगदी तोच नाद, पुरा, निखोट.

भद्रिल ऐकत उभे राहिले. ज्या नादाने आतलं सगळं भरून जाईल असं त्यांना साठ वर्षं वाटत होतं, तो चार हातांवर वाजत होता, आणि त्यांना फक्त गाईचं चाटणं ऐकू येत होतं.

"मी वेळेवर पोचलो असतो, तर हात घालून वळवलं असतं," गोदत्त हळूच म्हणाला. "पुष्कळ वळवलीत तशी." त्याने दोष दिला नाही. नुसतं सांगितलं.

घरी आल्यावर भद्रिलांनी कानस काढली आणि सगळ्या घंटा परत मागवल्या. वासुलाने त्यांचा हात धरला. "अहो, जन्मभर ज्या नादासाठी वणवण केलीत, त्याची एक तरी घंटा घरात ठेवा. कुणाचं काही बिघडणार नाही."

भद्रिलांनी एक घंटा उचलली. ती मांडीवर घेतली. मग म्हणाले, "गाई चाळीस आहेत, वासुला. एक ठेवली तर एक गाय मुकी राहील."

त्यांनी गोदत्ताला समोर बसवलं आणि काठावर कानस लावली. पहिल्या घासण्याला नाद मोडला. दुसऱ्या घासण्याला गोदत्त म्हणाला, "चंद्रीची पहिली घंटा जरा घोगरी होती. सर्दी झाल्यासारखी. तशी कर."

"अशी?"

"अजून थोडी सर्दी होऊ दे."

दारात बसलेली वासुला हसली, आणि भद्रिलही हसले. असे नऊ दिवस गेले. कुठली गाय अवखळ, कुठली भित्री, कुणाची घंटा कशी बोलत असे, गोदत्त सांगत होता आणि भद्रिल घाशीत होते. साठ वर्षं त्यांनी घंटेत एकच नाद शोधला होता. आता ते प्रत्येक घंटेत एका गाईला शोधत होते. शेवटी कबरीची घंटा उरली. भद्रिलांनी कानस टेकवली, तोच गोदत्ताने हात आडवा घातला.

"हिला राहू दे तशीच. एकोणचाळीस निराळ्या झाल्या, म्हणजे हीही निराळीच झाली."

दुसऱ्या दिवशी गाई रानात गेल्या. दिवस कलताना भद्रिल गोदत्ताबरोबर वेशीवर उभे राहिले. वेळूतून घंटा येऊ लागल्या. घोगऱ्या, किनऱ्या, ठसक्याच्या, लाजऱ्या. गवळी आपापल्या गाईंना नावाने हाका मारीत होते आणि वासरं नेमकी आपल्या आईकडे पळत होती. कबरी आली आणि गोदत्ताच्या खांद्यावर मान टेकून उभी राहिली.

"तुझा तो नाद ऐकलास ना?" गोदत्ताने विचारलं.

भद्रिल क्षणभर गोंधळले. "नाही, दादा," ते म्हणाले. "सगळ्या आल्या का, तेच ऐकत होतो."

त्या संध्याकाळी वासुलाने जेवायला हाक मारली, आणि ते पहिल्याच हाकेला उठले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सुयाम नावाच्या भिक्षूला सांगितली. मनाला समाधान देईल अशी जागा शोधत त्याने नऊ विहार बदलले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "सुयामा, तेव्हाचा गोदत्त म्हणजे आज आजारी भिक्षूंची शुश्रूषा करणारा स्थविर रेणुक. वासुला म्हणजे आपल्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका मालिनी. मुक्या दुःखाने मला वाट दाखवणारी कबरी, ती तू होतास. आणि तो ओतारी मी."

सुयाम उठून रेणुकाच्या मदतीला गेला.

जन्मभर शोधून मिळालेलं दुसऱ्याच्या गरजेसाठी हातातून सोडता येणं, याला त्याग म्हणतात. बोधिसत्त्वांनी त्या जन्मी बुद्धत्वासाठी लागणारी त्यागाची पारमिता पुरी केली, ती अशी.