मुंगीबाईचा बारावा मोजा

तळ्याच्या काठी एक बाभूळ होती. बाभळीच्या बुडाशी एक बीळ होतं. बिळात राहायची एक मुंगी. आणि तिचा नवरा, मुंगळा.

थंडीचे दिवस होते. हुडहुड हुडहुड!

सांगा बघू, मुंगीला पाय किती? एक, दोन, तीन, चार, पाच, सहा! आणि मुंगळ्याला? त्यालाही सहा! मग दोघांना मोजे किती लागणार? बारा! बाप रे बाप!

पण मुंगीबाई काही घाबरली नाही. तिला विणायला फार आवडायचं. फार म्हणजे फारच! बाभळीच्या काट्यांत मेंढीची लोकर अडकली होती. मुंगीने ती सोडवली. दोरा वळला. बोराएवढा गुंडा केला. बाभळीचेच दोन काटे घेतले. झाल्या सुया! आणि बसली विणायला. टुक टुक, टुक टुक.

मुंगळा शेजारी बसायचा. नुसत्या मिशा हलवायचा. एक दिवस म्हणाला, "अगं, मलाही शिकव की!"

"अहो, तुम्हाला जमेल का?"

"न जमायला काय झालं?"

पहिल्या दिवशी मुंगळ्याने स्वतःलाच विणून टाकलं. मिशा सुईत आणि पाय दोऱ्यात! हसून हसून मुंगीचं पोट दुखलं. दुसऱ्या दिवशी त्याला जमलं.

मग काय! मुंगळा विणायचा सुलट ओळ. मुंगी विणायची उलट ओळ. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. टुक टुक, टुक टुक. दोघांना इतकं आवडायचं, इतकं आवडायचं, की जेवायचंही भान नसायचं. साखरेचा दाणा आपला तसाच पडलेला!

मुंगळ्याचे सहा मोजे झाले. मुंगीचे पाच मोजे झाले. उरला एक. बारावा मोजा. तोही अर्धा झाला होता.

तेवढ्यात मुंगळा म्हणाला, "आता माझी ओळ!"

मुंगी म्हणाली, "अहो, तुमची आत्ताच झाली. आता माझी ओळ!"

"माझी!"

"माझी!"

झाली ओढाओढी. गुंड्याला बसला धक्का. गडगड गडगड गडगड! गुंडा बिळातून बाहेर. गडगड गडगड! उतारावरून खाली. तिथे आली एक म्हैस. आली आणि बसली. धप्प! कशावर? गुंड्यावर!

मुंगळ्याने दोरा ओढला. मुंगीने दोरा ओढला. हैशा! हैशा! गुंडा काही येईना.

मुंगीला रडूच आलं. तिचा सहावा पाय उघडा होता. गार गार गार!

मुंगळा म्हणाला, "रडू नको गं. तू जा आणि म्हशीला उठव. मी टाके धरून बसतो. सुई सोडली तर टाके निसटतील."

मुंगी निघाली. पाच पायांत मोजे, एक पाय उघडा. मऊ मऊ मऊ मऊ मऊ... गार! मऊ मऊ मऊ मऊ मऊ... गार!

म्हशीजवळ आली. म्हणाली,

"म्हैसबाई, म्हैसबाई, उठा ना!
गुंडा सुटेना,
मोजा होईना,
माझा पाय गारच राहिला!"

म्हैस रवंथ करत होती. चप चप, चप चप. म्हणाली, "मी नाही उठायची. ऊन कसं छान पडलंय! आधी माझं रेडकू हंबरू दे, मग मी उठेन."

मुंगी निघाली. मऊ मऊ मऊ मऊ मऊ... गार! रेडकाजवळ आली. म्हणाली,

"रेडका, रेडका, हंबर ना!
म्हैस उठेना,
गुंडा सुटेना,
मोजा होईना,
माझा पाय गारच राहिला!"

रेडकाच्या तोंडात गवत होतं. कोंबून कोंबून भरलं होतं. रेडकू म्हणालं, "मी नाही हंबरणार. तोंडात घास असताना बोलायचं नाही, आईने सांगितलंय!"

"अरे, मग आत्ता काय करतोयस?"

रेडकाने घास दुसऱ्या गालात सारला. ते म्हणालं, "आधी बगळा पाठीवर बसू दे, मला गुदगुल्या होऊ दे, मग मी हंबरेन."

मुंगी निघाली. मऊ मऊ मऊ मऊ मऊ... गार! बगळ्याजवळ आली. म्हणाली,

"बगळेबुवा, बगळेबुवा, उडा ना!
रेडकू हंबरेना,
म्हैस उठेना,
गुंडा सुटेना,
मोजा होईना,
माझा पाय गारच राहिला!"

बगळा एका पायावर उभा होता. एक डोळा मिटलेला, एक डोळा माशावर. म्हणाला, "मी नाही उडायचा. दिसत नाही, मी ध्यान करतोय? आणि एका पायाचं काय घेऊन बसलीस! मी तर एकच पाय वापरतो. आधी बेडकाला गाऊ दे, मला दचकू दे, मग मी उडेन."

मुंगी निघाली. मऊ मऊ मऊ मऊ मऊ... गार! बेडकाजवळ आली. म्हणाली,

"बेडूकराव, बेडूकराव, गा ना!
बगळा उडेना,
रेडकू हंबरेना,
म्हैस उठेना,
गुंडा सुटेना,
मोजा होईना,
माझा पाय गारच राहिला!"

बेडूक चिखलात बसला होता. गळा फुगवून, मान वर करून. म्हणाला, "मी नाही गायचा. मी काय असातसा गवई आहे? आधी नाकतोड्याला सूर देऊ दे, मग मी गाईन."

मुंगी निघाली. आता ती दमली होती. मऊ... मऊ... मऊ... मऊ... मऊ... गार! नाकतोडा बसला होता गवताच्या पात्यावर. मुंगी म्हणाली,

"नाकतोडेभाऊ, नाकतोडेभाऊ, वाजवा ना!
बेडूक गाईना,
बगळा उडेना,
रेडकू हंबरेना,
म्हैस उठेना,
गुंडा सुटेना,
मोजा होईना,
माझा पाय गारच राहिला!"

नाकतोडा कुडकुडत होता. कड कड, कड कड. म्हणाला, "मी नाही वाजवायचा. मी पायाने वाजवतो. आणि हा बघ माझा पाय! गारठून काठी झालाय. आधी मला मोजा मिळू दे, मग मी वाजवेन."

घ्या! मुंगी आली मोज्यासाठी. आणि हा म्हणतो, मोजाच दे!

तरी मुंगीने पायातला एक मोजा काढला. नाकतोड्याला दिला. नाकतोड्याने पाय घातला. मोजा नखातच अडकला. नाकतोड्याचा पाय केवढा! लांबच लांब, लांबच लांब. मुंगीचा मोजा केवढा! मोहरीएवढा.

मुंगीने मोजा परत घातला. एवढा लांब मोजा विणायचा कसा? लोकर तर म्हशीखाली! आता तिला खरंच वाईट वाटलं. मान खाली घालून ती घरी आली. मऊ... मऊ... मऊ... मऊ... मऊ... गार.

मुंगळा दारातच होता. टाके धरून बसला होता. जरासुद्धा हलला नव्हता. मुंगी म्हणाली,

"अहो, काय सांगू!
नाकतोडा वाजवेना,
बेडूक गाईना,
बगळा उडेना,
रेडकू हंबरेना,
म्हैस उठेना,
गुंडा सुटेना,
मोजा होईना,
माझा पाय गारच राहिला!"

आता मुंगळा काय म्हणेल बरं? म्हैस म्हणाली, आधी रेडकू. रेडकू म्हणालं, आधी बगळा. बगळा म्हणाला, आधी बेडूक. बेडूक म्हणाला, आधी नाकतोडा. नाकतोडा म्हणाला, आधी मोजा. सगळ्यांचं आपलं आधी, आधी, आधी!

मुंगळ्याने काय केलं? अर्धा मोजा सुयांसकट तोंडात धरला. खाली बसला. आणि पायातले मोजे काढायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा!

"अहो, हे काय करताय?"

"हं हं हूं!" मुंगळा म्हणाला. तोंडात मोजा होता ना!

पण मुंगीला बरोबर कळलं. तो म्हणत होता, "उसव माझे मोजे!"

"आणि तुमच्या पायांचं काय? सहाच्या सहा उघडे पडतील!"

"हूं हूं हं!" म्हणजे, "पडू देत!"

त्याने 'आधी' म्हटलं नाही. त्याने 'मग' म्हटलं नाही. मुंगीला त्याचं इतकं प्रेम वाटलं, इतकं प्रेम वाटलं, की तिचे डोळे भरून आले.

मग दोघांनी मोजे उसवले. सर्रर्र! सर्रर्र! बाभळीखाली काट्यांना काय तोटा? घेतले नवे दोन काटे. बसले विणायला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. टुक टुक, टुक टुक. मुंगळा थंडीने थरथरत होता. त्यामुळे त्याची ओळ जरा वाकडी आली. मुंगी म्हणाली, "असू दे. नाकतोड्याचा पायही वाकडाच आहे."

झाला मोजा! लांबच लांब, लांबच लांब. दोघांनी तो डोक्यावर घेतला आणि निघाले. मुंगी म्हणे, "मऊ मऊ मऊ मऊ मऊ... गार!" मुंगळा म्हणे, "हं हं हं हं हं हं!" म्हणजे काय? "गार गार गार गार गार गार!"

नाकतोड्याने मोजा घातला. वर, वर, वर, अगदी वरपर्यंत! पाय उबदार झाला. मग त्याने मोजा जरा खाली सरकवला. पाय पंखावर घासला. आणि मग?

नाकतोडा वाजवू लागला. किर्र किर्र!
बेडूक गाऊ लागला. डराव डराव!
बगळा दचकला आणि उडाला. फड फड फड!
बगळा बसला रेडकाच्या पाठीवर. टुच टुच!
रेडकाला झाल्या गुदगुल्या. तोंडातलं गवत पडलं. रेडकू हंबरलं. आँऽऽऽ!
म्हैस म्हणाली, "अगं बाई, माझं बाळ!" आणि म्हैस उठली. हुप्प!
गुंडा सुटला!

पण गुंडा कसला! म्हशीने बसून बसून त्याचा पापड केला होता. चपटा, चपटा! वासही जरा म्हशीचाच येत होता. पण उबदार होता हं! म्हशीच्या पोटाची ऊब होती त्याला.

दोघांनी गुंडा घरी आणला. ढकल ढकल, ढकल ढकल. मुंगळ्याने तोंडातला अर्धा मोजा काढला. एक टाकासुद्धा निसटला नव्हता. त्याचं तोंड मात्र दुखत होतं. दोघे बसले विणायला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. टुक टुक, टुक टुक. झाला बारावा मोजा! मुंगीने तो सहाव्या पायात घातला. मऊ मऊ मऊ मऊ मऊ मऊ! मुंगी बिळात गोल गोल नाचली.

नाचता नाचता थांबली. मुंगळा कोपऱ्यात बसला होता. सहा उघडे पाय पोटाशी घेऊन.

मुंगी खाली बसली. तिने तीन मोजे काढले. एक, दोन, तीन.

"अहो, पाय इकडे करा बघू."

"अगं, तुझे पाय गार पडतील!"

"पडू देत!"

आता मुंगीचे तीन पाय मऊ, तीन गार. मुंगळ्याचे तीन पाय मऊ, तीन गार. दोघे अगदी चिकटून बसले. गारेगार पाय मध्ये घेतले. झाले की ते पण उबदार!

मुंगळ्याने गुंड्याकडे पाहिलं. लोकर अजून पुष्कळ होती. त्याने बोटं मोजावीत तसे आपले पाय मोजले. मग मुंगीचे मोजले.

"अगं," तो हळूच म्हणाला, "अजून सहा मोजे विणायचे आहेत."

"हो ना," मुंगी म्हणाली. "सहाच्या सहा!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि दोघेही एकदम म्हणाले, "किती मज्जा!"

ओळ सरली, गाठ मारली,
मुंगीची गोष्ट विणून झाली!