गप्प बसणाऱ्यांचं मत

फार लांब, अमेरिकेतल्या एका गावात एक मोठं विद्यापीठ होतं आणि तिथे कायदा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. बाई हुशार होत्या आणि घाबरटही होत्या. एकाच माणसात हे दोन्ही असू शकतं, हे मुलांना माहीत असतं. मोठी माणसं विसरतात.

त्या देशाची एक रीत होती. कुणावर खटला चालला, की तो दोषी की निर्दोष हे ठरवायला गावातलेच बारा जण बोलावत. सुतार, शिक्षिका, दुकानदार, कुणीही. त्यांना पंच म्हणत. सगळं ऐकून झालं की पंच एका खोलीत बसत, दार लावून घेत आणि चर्चा करून एकमताने निकाल देत.

खोलीत काही पंच खूप बोलत, काही अगदी गप्प असत. बाईंनी बरीच वर्षं अभ्यास करून एक सिद्धांत मांडला होता. जे गप्प बसतात, त्यांना बोलणाऱ्यांचं पटलेलं असतं! सिद्धांत सगळ्यांना आवडला. सोपा होता ना. बोलणाऱ्यांना तर फारच आवडला. त्याच्या जोरावर बाईंची नोकरी कायम व्हायची होती. ते ठरवणारी ज्येष्ठ प्राध्यापकांची सभा आठवड्यावर आली होती, आणि त्या भरवशावर बाईंनी घरात नवे पडदेसुद्धा लावले होते.

विद्यापीठाचीही एक रीत होती. दुपारी बाई खोलीचं दार उघडं ठेवून बसत. ज्याला संशोधनासाठी काही सुचलं असेल, त्याने यावं आणि सांगावं.

एका दुपारी एक विद्यार्थिनी आली. शेवटच्या बाकावर बसणारी, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी.

"बाई, मला एक विषय सुचलाय."

"अरे वा! बस ना. सांग."

तिने पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "निकाल लागला की पंचांना बोलायची मोकळीक असते ना? मग जे गप्प होते, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. तुम्हाला खरंच पटलं होतं का?"

हे बाईंना कधी सुचलंच नव्हतं. इतका साधा प्रश्न! त्यांनी आजवर ज्या पंचांच्या मुलाखती घेतल्या, ते सगळे बोलके होते. गप्प पंच मुलाखतीला तयारच होत नसत. बोलक्यांनीच सांगितलं होतं, "हो हो, बाकीच्यांना पटलं होतं की!" आणि बाईंनी ते लिहून घेतलं होतं.

"विषय चांगला आहे गं," बाई घाईघाईने म्हणाल्या, "पण फार मोठा होईल. लोक दारसुद्धा उघडत नाहीत. त्यापेक्षा निवडणुकीच्या पोस्टरांवर काहीतरी कर. रंगीत असतात, मजा येईल. चालेल ना?"

विद्यार्थिनी काहीच बोलली नाही.

"मग ठरलं तर!"

ती उठली आणि खाली बघत दारापर्यंत गेली. पण बाईंना आपलाच शब्द खुपायला लागला. ठरलं? कुणी ठरवलं? खोलीत तर एकच माणूस बोललं होतं.

"थांब," बाई म्हणाल्या. "तुला पटलं का?"

आणि या वेळी त्या खरंच थांबल्या. त्यांना ही सवय नव्हती. वर्गात त्या प्रश्न विचारत आणि कुणी श्वास घेण्याआधी स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होत. खिडकीतून एक खार आत डोकावून गेली. बाईंनी ओठ दाताखाली धरून ठेवला.

"नाही पटलं," विद्यार्थिनी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "वर्षभर मी तुमच्या वर्गात गप्प बसलेय, बाई. तुम्हाला वाटलं, मला सगळं पटतंय?"

"वाटलं गं," बाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "अगदी तसंच वाटलं. ये, बस. कुणापासून सुरुवात करायची?"

आठवड्याने सभेत बाईंनी उभं राहून सांगून टाकलं, "माझा सिद्धांत चुकीचा असू शकतो. मी अर्ध्याच माणसांना विचारलं."

अध्यक्ष कळवळून म्हणाले, "अहो बाई, हे सभा संपल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं!"

"तेच तर सर. न विचारता चालेल, असंच मलाही इतकी वर्षं वाटत होतं."

नोकरीचा निर्णय वर्षभर पुढे गेला. घरी भांडी विसळताना बाई स्वतःवरच करवादल्या, "कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?" पण दुसऱ्या दिवशी बूट घालून त्या विद्यार्थिनीबरोबर निघाल्या.

पुष्कळ दारं बंदच राहिली. काही उघडली. एक आजी म्हणाल्या, "नव्हतं हो पटलं. पण बाकीचे इतकं भराभर बोलत, की मी वाक्य जुळवेपर्यंत विषयच बदलायचा." त्याच खटल्यात पंच असलेला एक सुतार म्हणाला, "मला वाटलं, न पटलेला मी एकटाच." दोघं शेजारी शेजारी बसले होते. एकमेकांना कळलंच नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या सभेत विद्यार्थिनीने हे सगळं वाचून दाखवलं. अध्यक्षांनी विचारलं, "काय गं, बाईंचा सिद्धांत बाईंच्याच समोर खोडून काढायचा. भीती नाही वाटली?"

ती गप्प. एक प्राध्यापक मदतीला धावले, "तिला असं म्हणायचंय, की..."

बाईंनी हात हलकेच वर केला. ते थांबले. सगळेच थांबले.

"वाटली," ती म्हणाली. "पण बाई थांबल्या होत्या ना."

मग अध्यक्षांनी एकेका प्राध्यापकाचं नाव घेऊन बाईंच्या नोकरीबद्दल मत विचारलं. पेंगणाऱ्यांनाही विचारलं. सभा भलतीच लांबली, चहा गार झाला. पण कुणाचं उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नाही, आणि बाईंची नोकरी कायम झाली.

तात्पर्य: गप्प बसलेल्याच्या वतीने आपण 'हो' म्हणून टाकू नये. त्याला विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत, आपल्याला कितीही धाकधूक झाली तरी, थांबावं.